राहणारी झाडं

शाळेतून निवृत्त झाल्यापासून शेजारणी माझ्याकडे झाडांविषयी विचारायला येतात. मुळगावात कोणी नवं घर बांधलं, पुढे चार हात जागा सोडली, की तिथे लावायचं काय हा प्रश्न येतोच. दर वर्षी पेरत बसणं कोणालाच नको असतं. एकदा लावलं की वर्षानुवर्षं फुलत राहील असं काहीतरी हवं असतं. मी सांगते. अबोली लाव, ती कुठेही जगते. जास्वंद रस्त्याच्या कडेला नको, खाणीच्या ट्रकांची तांबडी धूळ तिच्या पानांवर बसेल आणि ती पुसत बसायला तुला वेळ नाही. मधुमालती घरावर चढवू नकोस, कौलं उचकटेल. क्रोटन हवे तर लाव, पण ते बघायला मला बोलावू नकोस. माझी जीभ तिखट आहे हे अख्ख्या वाडीला माहीत आहे, तरी बायका येतात.

मग त्यातली एखादी विचारते, तुमची आईसुद्धा अशीच झाडवेडी होती का? मी हो म्हणते आणि चहा टाकायला आत जाते. त्या प्रश्नाचं खरं उत्तर चहाबरोबर देण्यासारखं नाही. ते इथे लिहिते आहे.

माझं माहेर पेडण्यातलं, पार्सेचं. आमचं घर भाटकाराच्या भाटात होतं. भाट म्हणजे माडांची मोठी बाग आणि भाटकार तिचा मालक. आम्ही मुंडकार. म्हणजे मातीच्या भिंती आमच्या, वरची कौलं आमची, चूल आमची, आणि खालची जमीन त्याची. बाबा त्याच्या माडांना पाणी लावायचे, पडलेले नारळ गोळा करायचे, राखण करायचे. त्या बदल्यात आम्ही तिथे राहायचो. कागद कसलाच नव्हता. भाटकार आम्हाला क्वचित दिसायचा. दिसायचा तो त्याचा मुकादम. नारळ पाडायला गडी घेऊन यायचा आणि पाडप चालू असताना आमच्या अंगणात पाट टाकून बसायचा.

आईला फुलांचं वेड होतं. लग्न होऊन आली तेव्हा तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे दारासमोर अनंत लावायला खड्डा खणला. मुकादमाने तो बुजवायला लावला. हे तिने मला मोठी झाल्यावर सांगितलं, तेही हसत. त्याने तिला नियम समजावला होता. "वर्साच्या आत मरतां तां लाव. रवतां तां लावचां नाय." झेंडू चालेल, तेरडा चालेल. भेंडी, वाल, मिरची चालेल. पण मुंडकाराच्या हाताने लावलेलं झाड जमिनीत वर्षानुवर्षं उभं राहिलं, तर उद्या तो म्हणेल की जमीन माझी. माड तर सोडाच, जास्वंदसुद्धा नको. गोवा मुक्त झाल्यावर कूळ-मुंडकारांच्या कायद्याची कुजबुज सुरू झाली आणि भाटकार लोक आणखीच जपून वागायला लागले. आमच्या मुक्तीचा आईला झालेला पहिला फायदा हा, की मुकादम दाराशी बसायचा तो आता घराभोवती फेरी मारायला लागला.

आईने यातून आपली बाग काढली. तिची झाडं निवडण्याची रीत मी दुसऱ्या कोणाकडे पाहिली नाही. राहणारं पण राहत नाहीसं दिसणारं झाड ती शोधायची. गुलबक्षी उन्हाळ्यात पार वाळून जाते, पण खाली तिचा कंद जिवंत असतो. भांडी घासायच्या जागेच्या ओलीत सोनटक्का होता, तोही थंडी सरली की आडवा व्हायचा. पावसाळी लिलीचे कांदे तर वर्षातले कित्येक महिने कोणाला दिसतसुद्धा नसत. मुकादम फेरी मारायचा, वाळलेल्या काड्या बघायचा आणि समाधानाने पाटावर परतायचा. पावसाने पुन्हा सगळं वर यायचं. "परत पेरलंय," आई सांगायची. तो मान डोलवायचा. आम्ही दोघी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर नि परकर कोंबून हसायचो. बाबांना मात्र यात गंमत वाटत नसे. घर राहिलं तर सगळं राहिलं, एवढंच ते म्हणत.

अनंत मात्र या युक्तीत बसत नव्हता. तो बारमाही हिरवा, लाकडाचा, कुठूनही ओळखू येणारा. आणि हवा तर तिला तोच होता. शेवटी एका पावसाळ्यात ती म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून अनंताचं रोप घेऊनच आली आणि ते तिने तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलं. जमिनीला हात नाही, मग कोणाची हरकत असायचं कारण नाही. मुकादमानेही डब्याकडे बघून "चलात" म्हटलं.

काही वर्षं त्या डब्यातल्या अनंताने आईला तंगवलं. एखाद-दुसरं फूल यायचं, बाकी कळ्या पिवळ्या होऊन गळायच्या. ती त्याला तांदळाचं धुवण घालायची, मासळीचं पाणी घालायची, त्याच्याशी बोलायची. मग एका वर्षी झाड असं फुललं की दारातून आत येताना वास अंगावर यायचा. आई भेटेल त्याला सांगत सुटली की हे तांदळाच्या धुवणाचं काम. आमच्या घरी इतका आनंद मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. मला वाटतं, त्यानंतरही नाही.

त्याच वर्षी पाडपाच्या दिवशी नारळांचा ढीग घालायला जागा हवी म्हणून मुकादमाने गड्याला डबा बाजूला सरकवायला सांगितलं. डबा सरकेना. दोन गडी लागले तरी सरकेना. बूड गंजून केव्हाच गेलं होतं आणि अनंताने खाली जमीन गाठली होती. मुकादम आधी हसला. "वैनी, डबो जमनीक चिकाटलो गो," म्हणाला. मग हसू आवरून म्हणाला, "ह्यां काढूक व्हयां. माजां काय नाय. पण उद्या भाटकारान बघल्यान तर माका इचारतलो." तो वाईट माणूस नव्हता. त्याचंही घर भाटकाराच्याच जमिनीत होतं.

आई म्हणाली, मी काढते. गड्यांना तिने हात लावू दिला नाही. कोयता घेऊन ती खाली बसली आणि डब्याच्या बुडाखालून एक एक मूळ तिने तोडलं. बाबा माडाला टेकून उभे होते. ते पुढे झाले नाहीत, आणि व्हायला हवे होते असं मी म्हणणार नाही, कारण आम्ही जाणार कुठे होतो? तोडलेला अनंत तिने नव्या डब्यात लावला, सावलीत ठेवला. महिनाभरात तो वाळला. त्यानंतर तिने अनंताचं नाव काढलं नाही आणि घराभोवती झेंडू तेवढा लावायला लागली. गुलबक्षीचे कंदसुद्धा तिने उकरून नदीकडे टाकून दिले. कोणी सांगितलं नव्हतं.

पुढे मी शिकले, डिचोली तालुक्यात शिक्षिका झाले, लग्न करून मुळगावात आले. मुंडकारांचा कायदा झालाच होता. अर्ज, तारखा, पुन्हा तारखा असं करत घर आणि घराभोवतीची जागा आईच्या नावावर झाली तेव्हा बाबा जाऊन काही वर्षं लोटली होती. भाटकारही गेला होता. त्याची मुलं मुंबईत होती, त्यांना पार्सेत कोणाच्या दारात काय उगवतं याचं काही पडलेलं नव्हतं. कागद हातात आला त्याच आठवड्यात मी आईला म्हटलं, शुक्रवारी म्हापशाला ये, आपण झाडं घ्यायची. तुला हवी ती. मी किती खुशीत होते ते आज आठवलं तरी कसंतरी होतं.

पावसाळ्याचे दिवस होते, रोपं घेऊन बसलेल्यांची बाजारात रांग होती. आईने एका माणसासमोर बसकण मारली आणि एकेका रोपाला हात लावून विचारायला लागली, "ह्यां किती वर्सां रवतां?" त्या माणसाला वाटलं, म्हातारीला टिकाऊ माल हवा आहे. तो रंगात आला. अबोली म्हणजे मावशी, एकदा लावलीत की बघायला नको. आईने अबोली खाली ठेवली. जास्वंद तर तुमची नातवंडं काढतील. आईने जास्वंद खाली ठेवली. मोगऱ्याचं विचाराल तर, तो म्हणाला, आमच्या दारचा माझ्या आजीने लावलेला आहे. आईने मोगऱ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि तोही खाली ठेवला. तो बिचारा वर्षं वाढवत गेला आणि ती रोपं परत करत गेली. मला प्रथम हसू आलं. मग कळलं ती काय करते आहे, आणि भर बाजारात माझे डोळे भरून आले. शेवटी तिने तेरड्याचं बी मागितलं.

मी ऐकलं नाही. माझा स्वभाव तसाही ऐकून घेण्याचा नाही. मोगरा, अबोली, जास्वंद आणि एक चांगलं हातभर अनंताचं रोप मी पिशवीत घातलं, बेकरीतून पावाचे चार उंडे घेतले आणि तिला घेऊन पार्सेच्या बसमध्ये बसले. घरी पोचल्यावर कुदळ काढली. दाराच्या उजव्या हाताला, जिथून वास घरात येईल अशा जागी खणायला लागले. आई रोप हातात धरून उभी होती. खड्डा झाला, मी हात पुढे केला, तरी ती रोप देईना.

"भाटकाराक इचारलंस काय गो?"

मी कुदळ टाकली. भाटकार मेला, म्हटलं. जमीन तुझी आहे, कागदावर तुझं नाव आहे, अंगठा तूच उठवलास. आता या जागेची भाटकार तू. मी बरंच बोलले, आवाज चढवून बोलले, रस्त्यावरून जाणारा एकजण थांबून बघायला लागला इतकं बोलले. आई ऐकत राहिली. तिने एकदाही नाही म्हटलं नाही. मग तिने रोप माझ्या हातात दिलं, माती लोटायला खाली बसली आणि म्हणाली, "तू सांगतंस तर लावया."

मला ते तेव्हा होकारासारखं वाटलं. मी समाधानाने मुळगावला परतले.

झाडं लागली. तिने त्यांना पाणी घातलं, गुरांपासून कुंपण केलं, सांगितलं तेवढं सगळं केलं. दुसऱ्या वर्षी पाऊस सुरू झाला आणि एका रविवारी मी पार्सेला गेले तर अनंताचं पान दिसेना इतकं झाड फुललं होतं. वरच्या फांद्यांवर पांढरी शुभ्र फुलं आणि खाली दोन-तीन दिवसांची, पिवळी पडून फांदीवरच लोंबणारी. पुष्कळ होती. खाली मातीतही पडली होती. आत जाऊन बघते तर देवापुढे झेंडू.

"आई, फुलं काढली का नाहीस? सगळी झाडावरच पिवळी पडली."

ती दारात आली. पदर सारखा केला. जन्मभर जिला या फुलांची हौस, ती म्हातारी बाई माझ्यासमोर, स्वतःच्या दारात, स्वतःच्या झाडाकडे बोट दाखवत उभी राहिली.

"तू येतलंस म्हणान रवलंय," ती म्हणाली. "देवाक दोन काढूं?"

काय करणार होते मी? पुन्हा भाषण दिलं असतं तर तेही तिने निमूटपणे ऐकून घेतलं असतं. तिला घर मिळालं, जमीन मिळाली, झाड मिळालं, आणि विचारायची सवय तेवढी राहिली. फक्त भाटकाराच्या जागी आता मी होते.

"काढ," मी म्हटलं.

तिने दोनच काढली.