भिंतीवरची म्हैस

आमच्या घरमालक काकांइतका चित्रांचा जाणकार कोल्हापुरात दुसरा नाही, आणि हे मी, तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस, पूर्ण शुद्धीवर राहून लिहितो आहे. मंगळवार पेठेत खाली त्यांचा गोठा आणि वर आम्ही भाडेकरू. त्यांचा उभा जन्म म्हशींत गेला. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा गोठ्यातली शेवटची म्हैस, चांदी, त्यांना विकावी लागली. तिच्या जागी आता मुलाची मोटारसायकल उभी असते. त्यानंतर दर गुरुवारी दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून काका म्युझियमला जाऊ लागले, आणि रिकामा दिसलो म्हणून मलाही नेऊ लागले.

आत शिरल्यावर त्यांची जीभ सुटते. भरजरी अंगरख्यातल्या सरदाराच्या चित्रासमोर म्हणतात, "अवघडलंय बिचारं. कवापास्नं बसवलंय कुणास ठावं!" नदीकाठच्या देखाव्याला तर ते नापासच करतात. "एवढी नदी हाय, आन वैरणीची एक पेंढी न्हाय. जनावरांनी काय खायाचं?" एकदा मी त्यांना छायाप्रकाश समजावू लागलो, तर म्हणाले, "मास्तर, त्ये पोरास्नी सांगा."

ही सगळी वाटेतली टोलेबाजी. खरा मुक्काम कोपऱ्यातल्या एका जुन्या, काळवंडलेल्या चित्रासमोर. त्यात एक म्हैस मान वळवून बघते आहे. "कास बगा. आठ दिवसांत व्यायला पायजे," असं काकांचं निदान, आणि ते गेली तीन वर्षं कायम आहे. एकदा पुण्याचं एक कुटुंब चित्राला अगदी नाक लावून उभं होतं. काका गरजले, "पावणं, मागं सरका! गाभण जनावर हाय, बुजंल की!" ते चौघेही खरोखर दोन पावलं मागं सरकले. मीही सरकलो. पाच वाजले की "चला, धारंची वेळ झाली" म्हणून काका उठतात. कुणाची धार, हे विचारायचा धीर मला झालेला नाही.

एकदा त्यांनीच विषय काढला. "मास्तर, तिचं कान बगा. टवकारल्यात. समोर परका माणूस असल्याबिगर म्हस असं कान करत न्हाय." मग म्हणाले, "टेंपोत चढवली तवा चांदीनं माझ्याकडं बगून असंच कान केलतं. बारा वर्सं चारा घातला, आन जाताना मी परका झालो." दर गुरुवारी ते म्हैस बघायला नव्हे, मी खरंच परका झालो का, एवढंच तिला विचारायला येत होते, हे मला तेव्हा कळलं.

पुढच्याच गुरुवारी भिंत रिकामी. नुसता खिळा. पहारेकरी म्हणाला, "साफ करायला नेलंय, आबा. येईल परत." "कवा?" त्याला माहीत नव्हतं. काकांनी अन्न टाकलं नाही, पण चटणी तिखट आहे म्हणून सुनेशी भांडणंही बंद केली, तेव्हा घरातले घाबरले. रिकाम्या भिंतीसमोर आम्ही किती गुरुवार बसलो, कोण जाणे.

आणि एका गुरुवारी ती परत आली. वर्षानुवर्षांची काजळी निघाली होती, पाठ नुकती धुतल्यासारखी चकाकत होती. काका चष्मा पुसून जवळ गेले, स्वतःच घालून दिलेला नियम मोडून अगदी नाक लावून उभे राहिले. आजवर काळ्यात बुडालेल्या कडेला आता काहीतरी दिसत होतं.

"मास्तर," त्यांनी कडेकडे बोट दाखवलं, "हितं बादली हाय. आन हात. बगा, हात हाय की न्हाय?"

मी पाहिलं. मला तपकिरी रंगाचे दोन फटकारे दिसले. कदाचित झुडूप असेल.

"हाय की," मी म्हणालो.

"म्हंजी तिला खायाला आंबोण घिऊन मालक आलाय. त्याला बगून कान केल्यात तिनं." ते बाकावर बसले आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसू लागले. "वळखत हुती म्हनायची."

तीस वर्षं मी मुलांना, दिसतं तेच काढा, असं बजावत आलो आहे. त्या दिवशी पाच वाजून गेले तरी काका उठले नाहीत, आणि मीही घड्याळाकडे पाहिलं नाही.