छत्री झाकली का? आर्वीजवळ पाहिलेला अन्वस्त

अकरावीला शांकव, म्हणजे शंकूचे छेद, शिकवून शिकवून मी कंटाळले होते. त्यात मावसभाऊ विनोदचा फोन आला. "ताई, टीव्हीच्या जुन्या मोठ्या छत्रीले आरसे चिकटवले. वरण शिजते त्याच्यावर. पाह्यले येजो." रविवारी निघाले.

नागपूरहून तळेगावमार्गे आर्वीची एसटी घ्या. बायकांना अर्धं तिकीट आहे, रस्ता बरा आहे, आणि सकाळी उजव्या खिडकीत ऊन कमी लागतं. स्टँडवरचा आलुबोंडा रश्श्यासकट खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. विनोद मोटारसायकल घेऊन आला होता. गाव तिथून जवळच.

अंगणात छत्री लखलखत होती. मधल्या पातेल्यात तूर रटरटत होती. मला राहवेना. मावशीच्या टोपलीतलं शंकूसारखं गाजर घेतलं आणि सुरू झाले. तिरकं कापलं की विवृत्त. उताराला समांतर कापलं की अन्वस्त, म्हणजे ही छत्री. त्याहून उभं कापलं की अपास्त.

"कोनं काढलं हे?" मावशीनं विचारलं.

"ग्रीक लोकांनी. एका बेटावर साथ आली. देव म्हणाला, घनासारखी वेदी आहे ती बरोबर दुप्पट करा. लोक घाबरलेले, आणि बाजू केवढी घ्यायची ते काही जमेना. ते सोडवता सोडवता कुणीतरी शंकू कापून पाहिला, अशी गोष्ट सांगतात."

"मंग साथ गेली का?"

"ते पुस्तकात नाही," मी म्हटलं. तिनं गाजराचे तुकडे कोशिंबिरीत टाकले.

जेवण झालं. विनोदनं पातेलं उतरवलं आणि छत्रीवर मावशीचं जुनं लुगडं टाकलं. घराचा नियमच तो, काम झालं की झाकायचं. झाकलेली आहे म्हणून त्यानं वेचणीच्या कापसाची गाठोडी तिच्याजवळच ओट्यावर रचली. मावशी त्याच ओट्यावर आडवी झाली. मी निघताना ब्लॉगसाठी फोटो हवा म्हणून लुगडं काढलं, छत्री उन्हाकडे वळवली. फोटो काढला तेवढ्यात विनोदनं बाहेरून हॉर्न दिला, आणि मी तशीच पळाले.

आर्वी स्टँडवर मला सोडून तो बियाणं पाहायला गेला. मी बाकावर बसून फोटो पाहत होते. शेवटच्या फोटोत छत्री उघडी, लुगडं जमिनीवर, आणि हातभर अंतरावर गाठोडी. त्यामागे मावशीचे पाय.

 सूर्य सरकतो तसा आरशांनी गोळा केलेला तापही सरकतो. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले, किरण जिथे एकवटतात तिथे नाभी म्हणून एक ठिपका. मावशीला फोन लावला. वाजत राहिला. विनोदचाही तसाच. ऑटोवाल्याला म्हटलं, "दादा, जे मागाल ते देईन, पण चला." रस्ताभर मी फोन लावत होते. घाईत दोनदा भलत्यालाच लागला. मावशी मेली तर विनोदला तोंड कसं दाखवू, हे एकच डोक्यात होतं.

फाटकातच जळका वास आला. वरच्या गाठोड्याला रुपयाएवढं काळं भोक पडलं होतं, त्यातून बारीक धूर निघत होता. मी छत्री लाथेनं पाडली आणि पाण्याची बादली गाठोड्यावर उपडी केली.

मावशी दचकून उठली. "अवं, कापसावर पानी काऊन टाकून राह्यली? ओला कापूस कोन घेईन?"

मी भोकाकडे बोट दाखवलं. तिनं गाठोडं फाडलं तर आत कापूस लालभडक धुमसत होता. आम्ही दोघींनी ते ओढत अंगणाच्या मधोमध नेलं आणि वरून माती लोटली. मग ती खाली बसली. तिची उशी त्या गाठोड्याला टेकलेली होती. ती उशीकडे पाहत राहिली आणि माझा हात घट्ट धरला. विनोद आला तेव्हाही तिनं सोडला नाही.

छत्री पाहायला खुशाल जा. वरणाची चव खरंच वेगळी लागते. पण तिच्या जवळ कुणाला झोपू देऊ नका.

मी आता रोज दुपारी मावशीला फोन करते. ती "झाकली" म्हणते आणि ठेवते. परवा तिनं उचलला नाही. वर्गात नेमका अन्वस्त चालू होता. तो फळ्यावर अर्धाच सोडून मी व्हरांड्यात गेले, पुन्हा लावला, पुन्हा लावला. शेवटी तिनं उचलला.

"झाकली वं बाई," ती म्हणाली. "अन् मी आता आत झोपतो. जाय, पोरं वाट पाह्यत असन."