तिरका निघालेला तेजोमेघ

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी माझ्या प्रोजेक्टचा विषय ऐकून घरच्यांनी एकच विचारलं, "कुठला ग्रह?" अरे, ग्रह नाहीच! नावच फसवं आहे. ग्रहीय तेजोमेघ म्हणजे म्हातारा झालेला तारा. तो अंगावरचे थर अवकाशात सोडून देतो, आत उरतो फक्त तापलेला गाभा, आणि त्या गाभ्यामुळे सोडलेला वायू झगमगतो. जुन्या दुर्बिणींतून तो ग्रहासारखा गोल दिसला म्हणून हे नाव पडलं, बस. आणि काही तर गोलही नसतात! त्यांच्या कमरेभोवती दाट वायूचा पट्टा असतो, म्हणून बाकीचा वायू दोन विरुद्ध बाजूंनी बाहेर पडतो. मधे बारीक, दोन्हीकडे फुगलेला. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी भर वर्गात "काय सांगता!" म्हणून ओरडले होते.

मला मिळालेला तेजोमेघ धुळीमागे लपलेला. साध्या दुर्बिणीतून नुसता अंधुक ठिपका. पण रेडिओ लहरी धुळीतून आरपार येतात, म्हणजे विचार करा, जे डोळ्याला कधीच दिसणार नाही ते! माझ्या गाइड मॅडमनी सगळ्यांसाठी खुली असलेली जुनी रेडिओ निरीक्षणं हातात दिली आणि म्हणाल्या, "दोन बाजू दिसतात का बघ. नाही दिसल्या तर तसं लिही."

नाही दिसल्या तर! मला ते ऐकायचंच नव्हतं.

रेडिओ दुर्बीण फोटो काढत नाही. लांब लांब उभ्या असलेल्या बऱ्याच डिश लहरी टिपतात आणि त्या जुळवून आपण चित्र बनवायचं. डिशच्या मधे मोकळ्या जागा असतात, त्यामुळे पहिलं चित्र म्हणजे नुसत्या रेघोट्या. मग सॉफ्टवेअरला ते साफ करायला सांगायचं. ते विचारतं, खरी वस्तू कुठे शोधू? आपण माउसने चौकट आखून द्यायची, ते तेवढ्यातच शोधतं.

मी आखल्या. एक मधे, एक वर, एक खाली. लॅपटॉप इतका तापला की मम्मीने त्याच्याखाली पोळपाट सरकवला. "चारपर्यंत मोकळा कर, नाहीतर पोळ्या तुझ्या लॅपटॉपवर लाटीन." चारच्या आधीच चित्र आलं. दोन पाकळ्या! एक वर, एक खाली, मधे चमकता गाभा! मी लगेच फॅमिली ग्रुपवर टाकलं. नांदगावच्या आत्याचं आलं, "जय भीम, अभिनंदन बाळा." पप्पा इगतपुरीला रेल्वेत सिग्नलच्या कामाला, त्यांनी ड्यूटीवरून फोन केला. "अगं, पण हे आहे काय?"

"पप्पा, मरत असलेला तारा!"

"मग आक्का अभिनंदन कशाचं करतेय?"

धाकटी बहीण खांद्यावरून डोकावली. "ताई, पेंटमध्ये काढलंयस ना?" मी तिला उशी फेकून मारली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी चित्र पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "चौकटी कुठे आखल्यास?" मी दाखवल्या.

"इथेच का गं?"

"असेच असतात ना मॅडम. सगळ्या पुस्तकांत असेच आहेत."

"पुस्तकात छान दिसावेत म्हणून उभे छापतात. आकाशाला काय पडलंय उभ्याचं?" मग हळू म्हणाल्या, "चौकट दिलीस आणि साफ करतच राहिलीस, तर सॉफ्टवेअर नुसत्या खरखरीतूनही तिथे पाकळ्या आणून ठेवतं. तू हे बघितलंस, की काढलंस?"

माझे कानच गरम झाले. प्रोजेक्ट सोमवारी द्यायचा होता, पण खरं सांगू? त्याची भीती नव्हती. दोन महिने जिच्यासाठी जीव टाकला ती गोष्ट आकाशात नसेलच, मीच माउसने आखलेली असेल, ही भीती होती.

मॅडमनी शेजारी खुर्ची ओढली. तिन्ही चौकटी पुसल्या. साऱ्या चित्रभर शोधायचं आणि लवकर थांबायचं, असं ठरलं. निरीक्षणं दोन वेगळ्या दिवसांची होती, तर दोन्ही दिवसांची चित्रं वेगवेगळी काढायची. खरं असेल तर दोन्हींत दिसेल, खरखर दरवेळी बदलते.

पहिल्या दिवसाचं चित्र आलं. वर काही नाही. खाली काही नाही. माझ्या दोन्ही पाकळ्या गायब! रडूच येणार होतं, तेवढ्यात मॅडमनी स्क्रीनवर बोट ठेवलं. गाभ्यातून तिरकं, उजवीकडे वर, काहीतरी फिकट निघालेलं. आणि बरोबर त्याच्या उलट बाजूला, डावीकडे खाली, दुसरं, जरा लांबट. जिथे मी चौकट आखलीच नव्हती तिथे!

"थांब, उड्या मारू नकोस. दुसरा दिवस लाव."

दुसऱ्या दिवसाचं चित्र यायला जी काही मिनिटं लागली त्यात मी श्वास घेतला की नाही, आठवत नाही. आलं. तोच तिरकेपणा. तीच लांबट बाजू.

अंगावर काटा आला. कुणीही बघत नसताना तो तारा त्याच्या स्वतःच्या दिशेने स्वतःला उधळून देत होता. आणि मी त्याला सांगत होते, बाबा, सरळ उभा राहा, पुस्तकात तसं आहे!

मॅडम म्हणाल्या, "नवी दोन्ही चित्रं घाल रिपोर्टमध्ये. आधीचंसुद्धा." उभ्या पाकळ्यांच्या त्या आधीच्या चित्राखाली मी लिहिलं, हा आकार मी आखलेल्या चौकटींमुळे आला, तो आकाशात नाही. नव्या चित्रांखाली लिहायला इतकं काही होतं की सुचेचना. चार वाक्यं लिहिली, चारही खोडली. शेवटी फक्त तो किती अंशांनी कललाय तेवढं लिहिलं.