बाबांची आठ डोकी

आमच्या शिल्पकलेच्या वर्गात एक नियम होता आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता. अभ्यासासाठी केलेलं डोकं ठेवायचं नाही. सरांनी पाहिलं, मार्क दिले, की तारेने ते कापायचं, आतल्या लोखंडी सांगाड्यावरून माती उतरवायची आणि शेडमागच्या हौदात टाकायची. मग खालच्या वर्गातली मुलं तीच माती मळायला घ्यायची. सर म्हणायचे, "शिकलेलं हातात राहतं. माती हौदाची."

पहिल्या वर्षी मला हे फार क्रूर वाटलं होतं. महिनाभर झटून जमवलेलं नाक आपणच चेपायचं म्हणजे काय! पुढे सवय झाली. मळताना हाताला एखादा खडा लागला की कुणीतरी म्हणायचं, "गेल्या वर्षीच्या कुणाचा तरी दात असेल," आणि तो खडा खिडकीबाहेर जायचा.

कॉलेज पनवेलात, घर कामोठ्यात. सेक्टरांच्या इमारती संपून जुनं गाव सुरू होतं तिथे आमचं घर. बाबा उरणला बंदरावर कामाला जाणाऱ्या लोकांची बस चालवायचे. मी मूर्ती करायची डिग्री घेणार म्हटल्यावर त्यांनी विरोध केला नाही, फक्त एकदा नीट विचारलं, "म्हणजे मातीकामच ना?"

"शिल्पकला, बाबा."

"तेच ते. आमी शेतातल्या चिखलातनं बाहेर आलो, तू फी भरून परत चालली."

पण फी त्यांनी भरली. मी नखांत माती घेऊन घरी आले की ते आईला हाक मारून सांगायचे, "आली बघ, लावणी करून आली."

मी तिसऱ्या वर्षाला असताना ते निवृत्त झाले आणि घरात त्यांचं कुणाशी जमेना. आई म्हणायची, दिवसभर नुसते हॉर्न वाजवत फिरतात. गॅसजवळ उभे राहून तिला फोडणी कधी टाकायची ते सांगत. मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसले की दर पानाला विचारत, "मग? काय झालं पुढं?" त्यांना उत्तर नको असायचं. कुणीतरी बोलायला हवं असायचं.

त्याच उन्हाळ्यात आमचा पोर्ट्रेटचा अभ्यास सुरू व्हायचा होता आणि नेहमीचे मॉडेल गावच्या जत्रेला गेले ते आलेच नाहीत. वयस्कर, चेहऱ्यावर काही तरी असलेला माणूस आणा, असं सरांनी सगळ्यांनाच सांगून ठेवलं. मी हे घरी जेवताना सहज बोलले.

"करायचं काय असतं त्या माणसानं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. बसायचं."

"मग मी येतो. जन्मभर दुसरं काय केलं?"

आई म्हणाली, "जा. मला दोन घटका डाळ शिजवू दे."

आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, दाढी घोटून. मधोमध उंच चौरंगावर खुर्ची, भोवती गोल करून आम्ही आठ जण, प्रत्येकासमोर फिरता स्टँड आणि त्यावर मातीचा गोळा. त्यांनी एकदा सगळीकडे पाहिलं आणि म्हणाले, "सीट बरी हाय. स्टेअरिंग कुठाय?"

वर्ग त्यांचा झाला तो तिथेच.

बसायला ते खरंच पटाईत होते. पाठ ताठ, हात मांडीवर, तासभर हलणार नाहीत. पण मान! दर थोड्या वेळाने ती किंचित उजवीकडे जायची, मग डावीकडे, मग पुन्हा समोर. सर वैतागले. "काका, मान हलतेय."

"नाय हो, मी कुठं हलवतो?"

मला कळायला दोन दिवस लागले. ते आरसे बघत होते. बसचे दोन्ही बाजूंचे आरसे. मी सांगितल्यावर ते स्वतःच खूप हसले, आणि हसून झाल्यावर पुन्हा उजवीकडे बघितलं.

दुसरी अडचण तोंडाची होती. ते मिटायचंच नाही. प्रत्येकाला गाव विचारून झालं, प्रत्येकाच्या गावात त्यांच्या ओळखीचा एक तरी ड्रायव्हर निघाला. वर्गात एक उरणचा मुलगा होता, कोळ्यांचा. सगळ्यात उंच, सगळ्यात गबाळा, पण हात चालता. त्याला आम्ही उरणवालाच म्हणायचो. त्याच्याशी तर त्यांचं रोजचं होतं.

"कारं, आज मासळी काय मिळाली?"

"काका, माझा बाप जातो दर्यावर. मी इथं तुमचं थोबाड करतोय."

"मग जाळं टाकल्यावानी कर. नुसता बघत काय बसलास?"

सर म्हणायचे, "काका, जरा तोंड मिटा. पोरांना ओठ करायचेत." बाबा शाळकरी मुलासारखे ओठ घट्ट दाबून बसायचे आणि मिनिटभरात पुन्हा सुरू. सरांचं म्हणणं होतं की पोर्ट्रेटमध्ये उघडं तोंड म्हणजे कच्चं काम. दात, जीभ, पोकळी, सगळं फसतं आणि माणूस आ वासल्यासारखा दिसतो. म्हणून आम्ही ते बोलत असताना गाल, कपाळ करून घ्यायचो आणि गप्प झाले की ओठांवर तुटून पडायचो. एकट्या उरणवाल्याचं वेळापत्रक जमलं नाही. तो ओठ करायला गेला की बाबा त्यालाच काहीतरी विचारत असत. त्याच्या डोक्याचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. सर दर दिवशी त्याला म्हणत, "हे बंद कर," आणि तो म्हणे, "हो सर, उद्या."

मी फारशी बोलत नव्हते. कॅलिपर घेऊन मापं काढत होते. भुवईपासून नाकपुडी, नाकपुडीपासून हनुवटी. चष्म्याने नाकावर पडलेल्या दोन खळग्या, उजव्या भुवईत केस न उगवलेली एक बारीक रेघ. वीस वर्षं एका घरात राहून ती रेघ मी कधी पाहिली नव्हती. घरी बापाकडे इतका वेळ कोण टक लावून बघतं? बघितलं तर ते विचारतील, काय हवंय? इथे तोच अभ्यास होता. मी बघत राहायचे आणि तेही, त्यांच्या आरशांतून वेळ मिळाला की, माझ्याकडे बघायचे. एकदा घरी परतताना रिक्षात म्हणाले, "तू काम करताना जीभ बाहेर काढते. लहानपणी काढायची तशी."

माझं डोकं चांगलं झालं होतं. सरांनी दोनदा थांबून पाहिलं आणि "मापात आहे" म्हणाले. सरांच्या तोंडी याहून मोठं कौतुक आम्ही ऐकलेलं नव्हतं.

मार्क मिळायच्या आठवड्यात, एका सकाळी चहा घेता घेता बाबा गेले. दवाखान्यात नेईपर्यंतही थांबले नाहीत. त्याविषयी याहून जास्त लिहायला मला अजून जमत नाही.

तेरावं झाल्यावर मी कॉलेजला गेले. शेडमध्ये शिरले तर आठही स्टँड भिंतीला लावून ठेवलेले आणि त्यांवर आठ प्लास्टिकच्या पिशव्या, मानेशी सुतळीने बांधलेल्या. आतून ओल्या फडक्याचं पाणी पिशव्यांना चिकटलेलं. म्हणजे कुणीतरी रोज उघडून, पाणी मारून, परत बांधत होतं. त्या उकाड्यात मातीला एक दिवस विसरलं तरी तडे जातात.

मी मागे जाऊन हौद पाहिला. तळाला थोडा गाळ, बाकी कोरडा. मार्क कधीच देऊन झाले होते. सगळी माती बाबांच्या डोक्यांत अडकली होती आणि दुसऱ्या वर्षाची मुलं तोवर शेडबाहेर झाडाखाली बसून कुंडीचं रेखाचित्र काढत होती.

"किती काढणार?" त्यांच्यातली एक मुलगी उरणवाल्याला म्हणाली. "कुंडी आता तोंडपाठ झाली."

तिला कुणीतरी दटावलं. सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मी कुणाला कापा म्हटलं नाही. म्हणवलं नाही." मग चष्मा पुसत म्हणाले, "एकाचा साचा घेऊन ते प्लास्टरमध्ये ओतता येईल. तेवढंच शिल्लक आहे. बाकीची सोमवारपर्यंत हौदात जाऊ देत. कुठलं ठेवायचं ते तू ठरव."

मला काय ठरवायचं होतं? माझंच. मापात होतं, सरांनी म्हटलं होतं, आणि ते माझे बाबा होते. तरी रात्री आईला सांगितल्यावर ती म्हणाली, "मी येते बघायला." घरातून ती तेव्हापासून बाहेर पडली नव्हती, म्हणून मी नको म्हटलं नाही.

सरांनी तिच्यासाठी खुर्ची पुढे केली. ती म्हणाली, "बसायला नाय आले." आम्ही पिशव्या सोडल्या, फडकी काढली. आठ ओली, चकाकती डोकी. आई पदर खांद्यावर घेऊन एका टोकाला उभी राहिली, आणि मला वाटलं आता ती रडेल.

"अगो बाय," ती म्हणाली, "एक सांभाळता सांभाळता नाकी नऊ आले, आणि हे आठ?"

उरणवाला आधी हसला, मग घाबरून गप्प झाला. आईने त्याच्याकडे पाहिलं आणि तीही हसली. मग तो सगळा वर्गच सैल झाला.

ती एकेका डोक्यासमोर उभी राहू लागली. पहिल्याला म्हणाली, "ह्यो भाजीत मीठ कमी पडल्यावरचा." दुसऱ्याला, "ह्यो दिराचा फोन आल्यावरचा. पैशांचं बोलणं हाय." तिसऱ्याची हनुवटी फार जाड झाली होती. "ह्याला कोण जेवू घालत होतं?" ज्याने ते केलं होतं तो मुलगा म्हणाला, "सॉरी काकू." एकाला, "डोकं बरं हाय, पण नाक माझ्या सासऱ्याचं." सर मागे उभे राहून हे सगळं ऐकत होते. त्यांनी दिलेल्या मार्कांपेक्षा हे मार्क कडक होते.

मी केलेल्या डोक्यासमोर ती जास्त वेळ थांबली.

"हे तुझं?"

"हो."

"हुबेहूब हाय." तिने हात पुढे केला आणि मातीला न लावता मागे घेतला. "पण गप हाय गं. बस चालवताना असेल असा, मी कुठं बघितला? घरात असा कधी बसला का तो?"

उरणवाल्याचं डोकं सगळ्यात शेवटी होतं. भुवया वरखाली, केसांच्या जागी बोटांचे ठसे, आणि ते न मिटलेलं तोंड. आई त्याच्यासमोर गेली. बघत राहिली. मग मागे वळून मला म्हणाली, "ह्यो ठेव. बाकीच्यांनी त्याला गप केलाय."

मला वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. चांगलंच लागलं. पण मी पुन्हा त्या डोक्यासमोर उभी राहिले तेव्हा मलाही उत्तर द्यावंसं वाटलं.

उरणवाल्याने हात वर केले. "साचा तू घे. मला भीती वाटते, काकांची वाट लावून ठेवीन." फडकी ओली करायचं काम त्यानेच केलं होतं, हे मला तेव्हा कळलं. रोज बाटलीने पाणी मारताना म्हणायचा म्हणे, "काका, पाणी घ्या."

साच्याचं काम असं असतं. मातीवर प्लास्टरचा पहिला पातळ थर द्यायचा, त्यात कपड्यांची नीळ मिसळलेली. वर पांढरा जाड थर. वाळल्यावर मागची बाजू उघडून आतली माती सगळी काढायची, पोकळी धुऊन साबणाचं पाणी लावायचं आणि तिच्यात नवं प्लास्टर ओतायचं. ते घट्ट झालं की बाहेरचा साचा छिन्नीने फोडत जायचं. पांढरं उडतं, मग निळं दिसलं की हात हळू करायचा, कारण निळ्याच्या आत माणूस असतो. म्हणजे जे डोकं ठेवलं त्याचीही माती शेवटी हौदातच जाते.

शनिवारी बाकीची सात कापायची होती. तार दोघांनी दोन्हीकडून धरायची असते. प्रत्येकजण आपापल्या डोक्याजवळ घोटाळत राहिला. जाड हनुवटीवाल्याने डोळे मिटून ओढली आणि "सॉरी काका" म्हणाला. मग सगळेच तसं म्हणू लागले, जणू तोही नियमच होता. माझ्या डोक्याची तार दुसऱ्या बाजूने सरांनी धरली. माती उतरवताना भुवईतली ती बारीक रेघ अंगठ्याखाली आली, आणि मी ती इतर मातीबरोबर हौदात टाकली. बाहेर दुसऱ्या वर्षाची मुलं बाह्या सरसावून उभीच होती. कुंडीला कंटाळलेली ती मुलगी हौदात हात घालून म्हणाली, "मस्त मुरलीय." बरोबर होतं. इतक्या दिवसांच्या पाण्याने माती लोण्यासारखी झाली होती.

सोमवारी दुपारी मी शेडच्या दारात पोतं पसरून साचा मांडीशी घेऊन बसले. छिन्नी, लाकडी हातोडी. पांढरे तुकडे उडत होते. उरणवाला समोर उकिडवा बसून दर घावाला डोळे मिटत होता आणि मिटल्या डोळ्यांनी सल्ले देत होता. "हळू. अगं हळू. नाक तिकडे आहे."

"तुला दिसतंय का?"

"मला आठवतंय."

तेवढ्यात आईचा फोन आला. माझे हात भरलेले, म्हणून त्याने तो स्पीकरवर लावून धरला.

"आला का बाहेर?" आईने विचारलं.

मी निळ्या थराचा एक पापुद्रा नखाने काढला. खाली पांढरं, गुळगुळीत, वळलेलं काहीतरी होतं.

"एक कान आलाय."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग आई आवाज खाली आणून म्हणाली, "मग आता फोनवर जपून बोल."