हळू पेपर

आमच्या शिवणयंत्राच्या मेजाला एक खण आहे. कितीतरी वर्षं तो पुरता उघडतच नव्हता. निम्मा यायचा आणि अडायचा. त्या फटीत बोटं घालून रीळ काढायची, बॉबिन काढायची, अशी सवयच झाली होती. आता मशीनही बंद आहे. बंगळूरला के. आर. पुरमच्या फ्लॅटात बाल्कनीच्या दाराशी उभी असते, आणि सुनेनं तिच्यावर मनी प्लांटची बाटली ठेवलीय. असू दे. घरात आहे, तेवढं पुरे.

परवा खाली रद्दीची गाडी आली. आता माणूस ओरडत नाही. गाडीला भोंगा असतो, त्यात आवाज भरून ठेवलेला असतो, तोच तो फिरत राहतो. "हळे पेप्पर, हळे पेप्पर." तो ऐकून सून भंगार गोळा करायला लागली. आता खणही साफ करूच म्हणाली आणि दिला असा हिसका, की खण सगळाच्या सगळा तिच्या हातात. मागच्या फळीला एक कागद चेपून बसला होता. त्याच्यापायी खण अडत होता.

"अत्ते," ती म्हणाली. कानडी मुलगी आहे ती, त्यांच्यात सासूला अत्ते म्हणतात. "हळे पेपर आहे. टाकू?"

मी खुर्चीवरून बघितलं. कागदाची कड गोल कापलेली दिसली, आणि मी पुढं वाकले.

"हळू," मी म्हटलं. "हळू उघड."

हा शब्द आमच्या घरात कसा आला ते आधी सांगते. मी कराडकडची. शाळा चौथीपर्यंत, तीही पुरी नाही. लग्न होऊन चिकपेटेत आले. ह्यांचं घराणं शिंप्याचं, आजोबापणजोबांपासून बंगळूरचंच. घरात बोलणं मराठी, पण निम्मे शब्द कानडी. मला कानडीचं ओ का ठो कळत नव्हतं. पहिल्याच सकाळी गल्लीत एक माणूस ओरडत आला, "हळे पेपर, हळे पेपर!" मला वाटलं, हळू पेपर म्हणतोय. म्हटलं, शहर आहे, इथं पेपरही सांभाळून न्यावा लागत असेल. मी दारातून डोकं काढून सांगितलं, "दादा, हळूच या हो. कुणाला घाई नाही."

सासूबाई हसून हसून भिंतीला टेकल्या. ह्यांनी समजावलं, "अगं, हळे म्हणजे जुनं. रद्दीवाला आहे तो." पण झालं ते झालं. तेव्हापासून आमच्यात रद्दीला कुणी रद्दी म्हटलं नाही. हळू पेपर. मुलं तर शाळेतसुद्धा तसंच बोलून मार खाऊन आली.

हे चिकपेटेत एका कापडदुकानाच्या कट्ट्यावर शर्ट शिवायचे. शिंप्याला जुना पेपर म्हणजे धान्यासारखा. आधी कागदावर माप काढायचं, कागद कापायचा, तो कापडावर ठेवायचा आणि मग कापडाला कातर लावायची. कागद चुकला तर चुकला, कापड चुकलं तर गिऱ्हाईक गेलं. पण ह्यांचा एक नेम होता. कापायला कानडी पेपर, नाहीतर इंग्रजी. मराठी पेपरला कातर लावायची नाही. मराठी पेपर तेव्हा बेळगावहून यायचा, शिळा, आणि तो चार घरांत फिरून आमच्याकडे. जेवण झालं की हे तो मोठ्यानं वाचायचे आणि मी काजं करत ऐकायची. माझी पाचवी, सहावी, सातवी सगळी तीच. वाचून झाला की घडी घालून फळीवर. "आपली भाषा इथं एवढीशी येते," म्हणायचे, "ती पण कापायची काय?"

मग ह्यांची उजवी बाजू गेली. सकाळी कट्ट्यावर बसले ते बसल्या जागी कलंडले. जीव वाचला, पण उजवा हात लाकडासारखा आणि जीभ जड. सासूबाई तोवर गेल्या होत्या. मुलगा शाळेत, मुलगी मांडीवर. त्या दिवसांत आम्ही काय खाल्लं आणि काय नाही, ते उगाळत बसत नाही. दिवस होते, गेले.

मशीन दुकानातून घरी आणली. पुरुषांचे कपडे बाईकडे कोण देणार? पण गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "अक्का, ब्लाउज शिवतेस काय?" मी हो म्हटलं. येत काहीच नव्हतं. मला फक्त काजं आणि बटणं. आणि ह्यांनी तरी जन्मात बाईचं काही कापलेलं नव्हतं.

कागद बघायला गेले तर घरात कानडी पेपर एक नाही. तो सगळा दुकानातून यायचा, आणि दुकान सुटलं होतं. ह्यांनी डाव्या हातानं फळीकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, "तो मराठी आहे." ह्यांनी परत बोट दाखवलं, जरा रागानंच.

मग चटईवर पेपर पसरला. ह्यांनी मला समोर उभं केलं. माप माझंच घेतलं, दुसरं कुणाचं घेणार? डाव्या हातात खडू धरून रेघ मारायचे, पुसायचे, परत मारायचे. निम्मी पाठ, निम्मा पुढा, एक बाही. मग कातर माझ्या हातात दिली. तोंडातून एकच शब्द नीट निघायचा तेव्हा, तोच म्हणत राहिले. "हळू. हळू." काखेचा जो गोल असतो, त्याला आमच्यात मुंढा म्हणतात. सगळा ब्लाउज त्या मुंढ्यावर चालतो. तिथं आल्यावर ह्यांनी माझं मनगट धरलं, डाव्या हातानं, आणि आम्ही दोघांनी मिळून कापलं.

त्या एका कागदावर आमचं घर उभं राहिलं. बाई जाड असली तर दोन बोटं वाढवायची, बारीक असली तर एक कमी. हे बसून बघायचे. पुढं जीभ जरा सुटली, तसे "स्वल्प सैल" म्हणायचे. मुलं शिकली, मुलीचं लग्न झालं. मग हे गेले. कागद कुठं गेला ते मात्र कळलं नाही. मला वाटलं, घर बदलताना गेला रद्दीत. शोधला, सापडला नाही, सोडून दिलं. हाताला माप पाठ झालेलं होतं, अडलं काही नाही. पण सोडून दिलं म्हटलं तरी ते सुटत नसतं.

तर परवा तो माझ्या समोर उघडत होता. मी जमिनीवर बसले. गुडघे बोलले, बोलू दे म्हटलं. पाठ, पुढा, बाही असे तिन्ही तुकडे एकात एक घडी घातलेले, कागद चहाच्या रंगाचा झालेला. सुनेनं पहिली घडी उलगडली आणि कडेचा तुकडा टप्पकन तुटला.

"अय्यो!" ती म्हणाली आणि हात वर केले, पोलिसाला बघून करतात तसे.

दुसरी घडी मी उलगडली. मध्ये चीर गेली. मला कळलं, ह्याच्या अंगात आता एकदाच उघडायचं बळ आहे. परत घडी घातली तर भुगा. आजच्या आज दुसऱ्या कागदावर उतरवला तर ह्यांच्या हाताची रेघ राहील, नाहीतर गेली.

"एक मोठा पेपर दे," मी म्हटलं.

सून उठली आणि मध्येच थांबली. "अत्ते, पेपर कुठं आहे आपल्या घरात?"

खरंच की. मुलगा फोनवर वाचतो. ती फोनवर बघते. मी टीव्ही ऐकते. तिनं भेटवस्तूचा चकचकीत कागद आणला, तो सरकत होता. खोक्याचा पुठ्ठा आणला, तो वळेना. बाल्कनीतून रद्दीवाल्याला हाक मारली, तर तो खालून म्हणतो, "पेपर इल्ला अम्मा, बरी बॉक्स!" पेपर नाही, नुसती खोकी. वर भोंगा ओरडतोच आहे, हळे पेप्पर, हळे पेप्पर. मी म्हटलं, बरा आहे, जे नाही तेच मागत फिरतोय.

सून शेजारची दारं वाजवून आली. पूर्ण मजल्यावर पेपर नाही. मी कागदावर पंख्याचं वारं येऊ नये म्हणून पंखा बंद करून, घामानं भिजत बसले होते. शेवटी ती वरच्या मजल्यावर गेली. तिथं पुण्याची एक मुलगी राहते, कॉम्प्युटरचं काम करते, घरातूनच. ती सुनेबरोबर खालीच आली, कानात ते फोनचं बोंडूक, हातात लोणच्याची बरणी.

"आजी, एक मिनिट हं, मी कॉलवर आहे, म्यूट केलंय," म्हणाली. "पेपर म्हणजे हा चालेल का? आई पुण्याहून बरणी पाठवते ना, ती इतका गुंडाळते, इतका गुंडाळते, की बरणी विमानातून पडली तरी फुटायची नाही."

बरणीवर चार पदर पेपर होता. आतले तेलकट, वरचा एकच कोरडा. मी चष्मा पुसून बघितलं. मराठी.

मला हसू आलं. सून म्हणाली, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही. ह्याच्या नशिबी मराठीच."

मग तिघी जमिनीवर. मी ह्यांच्या कागदाचे तुकडे नव्या पेपरवर मांडले, पुण्याची मुलगी पालथी पडून जुना वाचायला लागली. पाठीच्या तुकड्यावर रेडिओची जाहिरात होती, सगळं घर त्याच्याभोवती गोळा होऊन बसलंय असं चित्र. "सगळे एकाच गोष्टीकडे बघतायत," ती म्हणाली. "किती क्यूट." बाहीवर वधू पाहिजेची जाहिरात. गोरी, गृहकृत्यदक्ष, शिवणकाम येणारी. "आजी, मी तिन्हीत नापास."

"शिवणकाम मलाही येत नव्हतं," मी म्हटलं. "माझं भागलं."

पुढ्यावर छातीपाशी हरवल्याची नोटीस होती. ती मला बघायची गरज नाही, पाठ आहे. किती वर्षं कापडावर तीच ओळ ठेवून मी खडू फिरवला. जेथे असशील तेथून निघून ये. आईने अंथरूण धरले आहे. तुला कोणी काही. आणि तिथं मुंढा आला, पुढचं कापून गेलं.

"तुला कोणी काही काय?" सुनेनं विचारलं.

"बोलणार नाही," मुलगी म्हणाली. "तेच असणार."

"मग आला काय तो?"

"मला काय माहीत गं? पुढचं मुंढ्यात गेलं."

"आता कुणी हरवत नाही," मुलगी म्हणाली, "आई लगेच लोकेशन मागते." मग तिनं कागदाकडे परत बघितलं आणि म्हणाली, "हे माप कुणाचं? लहान मुलीचं आहे का?"

"माझं."

"आजी! एवढ्या बारीक होता?"

"खायला कुठं होतं," मी म्हटलं.

सुनेनं माझ्याकडे बघितलं आणि पटकन पेन्सिल माझ्या हातात दिली. बरं केलं.

रेघ उतरवून घेतली. कडेनं कडेनं, जिथं तुकडा तुटला होता तिथं हातानं अंदाज घेऊन. मग ह्यांची कातर काढली. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती धरली नव्हती. पाठ कापली, बाही कापली, ठीक झालं. पुढ्याच्या मुंढ्याशी आले आणि कातर वळेना. हाताला सवय राहिली नसेल. मी थांबले. इथं चुकलं तर दुसरा पदर तेलकट होता, आणि जुन्यावर पेन्सिल परत फिरली असती तर तो टिकला नसता.

सुनेनं जवळ सरकून हात पुढं केला. माझं मनगट खालून धरलं. तिला शिवणातलं काही येत नाही, ब्लाउज ती ऑनलाइन मागवते. पण धरलं तसं नीट धरलं.

"हळू, अत्ते," ती म्हणाली. "हळू."

मुंढा निघाला. गोल निघाला. मुलगी टाळ्या वाजवायला लागली, आणि तिच्या कानात कुणीतरी काहीतरी विचारलं असणार, कारण ती एकदम इंग्रजीत "येस, येस" म्हणत जिन्याकडे पळाली. बरणी इथंच राहिली.

जुना कागद उचलला तर ठिगळं ठिगळं होऊन हातात आला. हे म्हणायचे, माप उतरलं की कागदाचं काम संपलं. ते कानडी पेपरचं म्हणायचे, मराठीचं नाही. खाली भोंगा अजून कुठंतरी फिरत होता.

"ह्याचं काय करू, अत्ते?" सून ओंजळीत तुकडे घेऊन उभी होती. "हळे पेपर..."

"हळे नाही," मी म्हटलं. "हळू पेपर. ठेव त्याच खणात. आणि खण लावताना जपून. पुरता लावू नको, निम्माच असू दे."