मेण कोरणाऱ्या भिकूचा परदेश

कुडपणात भिकू शेलारच्या आधी विमानात बसलेला माणूस नव्हता. त्यामुळे त्याचा पासपोर्ट घरी आला तेव्हा तो अख्ख्या वाडीनं हाताळला. त्याची आई प्रयागबाई फोटो डोळ्यांजवळ धरून म्हणाली, "ह्यो असा रडका कशापायी काढलाय रे?" भिकू हसला. त्या दिवसांत तो बोलण्याआधीच हसायचा.

भिकूचं काम मेण कोरायचं. सोन्याचा दागिना घडतो तो आधी मेणात. हिरव्या, कडक मेणाचा तुकडा घ्यायचा, स्पिरिटच्या दिव्यावर सुई तापवायची आणि नथ असो की पेंडंट, पहिला आकार त्यात उतरवायचा. त्यावरून एक नग ओतायचा, त्या नगावरून रबराचा साचा बनवायचा, आणि मग साच्यातून पाहिजे तितके नग काढायचे. पहिला आकार बिघडला की पुढचे सगळे बिघडले. सोळाव्या वर्षी भिकू मुंबईत हे शिकला, तिथं बारा वर्षं मान मोडून बसला, आणि मग महाडच्या विपुलशेठनी त्याला आपल्या कारखान्यात आणलं. कारखाना म्हणजे बाजारपेठेतल्या दुकानामागची लांबट खोली. बायको तुळसा आणि मुलगी श्रुतिका यांच्यासह तो बिरवाडीत भाड्यानं राहायचा आणि सणावाराला कुडपणला चढायचा.

दोन हजार एकवीस सालच्या जुलैत सावित्री नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. शेठनी तिजोरी वर हलवली होती, पण साच्यांच्या फळ्या कुणाच्या ध्यानात आल्या नाहीत. पाणी ओसरल्यावर तीनशेहून जास्त साचे चिखलातून निघाले, काही फाटलेले, काही फुगलेले, बाकीच्यांत गाळ असा भरलेला की कोरीव रेघ उरली नव्हती. ओतलेले नग तर कुठे वाहून गेले ते कळलंच नाही. विपुलशेठ पायरीवर डोकं धरून बसले.

"शेठ, हात हायत ना," भिकू म्हणाला. "परत कोरू."

आणि त्यानं कोरलं. अडीच वर्षं. रविवार नाही, शिमगा नाही. जुन्या गिऱ्हाइकांच्या अंगावरचे दागिने मागून आणायचे, भिंगातून बघायचे आणि मेणात पुन्हा उभे करायचे. चष्म्याचा नंबर दोनदा वाढला. शेवटची बुगडी झाली त्या दिवशी विपुलशेठनी चहा मागवला आणि म्हणाले, "भिकूभाई, पासपोर्ट काढा. बँकॉकला दागिन्यांच्या धंद्याचं मोठं प्रदर्शन भरतं. तुम्हाला नेतो."

तुळसाला त्यानं हे सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "शेठ माणूस वळखतो," ती म्हणाली. "तुमच्या कामाची जाण ठेवली त्येनं."

भिकूलाही तसंच वाटलं. वाटण्यासारखंच होतं ते. मनात त्यानं आणखी एक गोष्ट धरली होती, ती तुळसालाही सांगितली नाही. इतकी वर्षं त्यानं लोकांनी सांगितलेलं कोरलं होतं. पण अधूनमधून, स्वतःसाठी, मेणातच नऊ नग केले होते. बांबूचं पान, खेकड्याची नांगी, असले. त्यातलं सगळ्यात देखणं होतं कारवीचं फूल. कुडपणच्या खालचा उतार सात वर्षांतून एकदा कारवीनं जांभळा होतो, तेव्हा डहाळी मोडून आणून, समोर ठेवून त्यानं ते कोरलं होतं. बाहेरच्या देशातल्या व्यापाऱ्यानं हे बघितलं तर? निदान विचारलं तर, कुणी केलं म्हणून? त्यानं नऊही नग कापसात ठेवून स्टीलच्या डब्यात भरले.

बँकॉकला प्रदर्शनाच्या दारात गळ्यात अडकवायला नावाचा पट्टा मिळाला. भिकूनं इंग्रजी अक्षरं एकेक करून लावली. त्याच्या नावाखाली 'टेक्निशियन' लिहिलं होतं.

"शेठ, ह्ये काय लिवलंय?"

"तसं लिहावं लागतं हो," विपुलशेठ म्हणाले आणि पुढे चालू लागले.

आतला मांडव कसला, गावच होतं. आपल्याकडे सोनं एका काचेत मावतं, इथं गल्ल्याच्या गल्ल्या. माणिकांचे ढीग धान्यासारखे पसरलेले. भिकू थांबत थांबत चालला होता. एका काचेशी तो वाकला, आत मोराचा हार होता. पिसांचं काम हातचं होतं हे त्यानं लगेच ओळखलं. कारागीर कोण ते विचारायला त्याच्याकडे भाषा नव्हती. काचेमागच्या बाईनं त्याच्या गळ्यातला पट्टा वाचला आणि मान फिरवली. तिथं येणारा जाणारा आधी पट्टा वाचत होता, मग तोंड बघत होता.

"भिकूभाई, चला, आपलं काम मागच्या हॉलमध्ये आहे."

मागच्या हॉलमध्ये दागिने नव्हते. यंत्रं होती. एका कपाटाएवढ्या यंत्रापाशी सुरतेचा एक विक्रेता उभा होता, विपुलशेठशी त्याचं फोनवर आधीच बोलणं झालेलं दिसत होतं. काचेच्या आत एक पट्टी इकडून तिकडे सरकत होती आणि तिच्याखाली, केसाहून पातळ थरांनी, मेण साचत होतं.

"आपका कोई पीस दो, दादा," विक्रेता म्हणाला. "अभी दिखाता हूँ."

विपुलशेठनी भिकूकडे बघितलं. भिकूनं डबा उघडला. खेकड्याची नांगी द्यावी असं मनात आलं, पण शेठनी बोट दाखवलं ते फुलाकडे.

ते फूल एका चकतीवर फिरलं. समोरच्या पडद्यावर तेच फूल, परातीएवढं, हळूहळू उमटलं. "खाना खाके आइए," विक्रेता म्हणाला. ते दोघे जेवून परत आले तेव्हा कागदावर सहा फुलं मांडलेली होती.

भिकूनं खिशातलं भिंग काढलं. पहिलं फूल उचललं, फिरवलं. पाकळीची घडी बरोबर. देठाचे रोम बरोबर. मग त्यानं तिसऱ्या पाकळीखाली बघितलं. मूळ फूल कोरताना तिथं सुई निसटली होती, एक बारीक ओरखडा राहिला होता, तो त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हता. ओरखडा तिथं होता. दुसरं फूल उचललं. होता. सहाही फुलांत तो ओरखडा होता, एकाच लांबीचा, एकाच जागी.

विपुलशेठनी आवाज खाली आणला. "मला मेणातलं काही कळत नाही, भिकूभाई. ह्याच्यासाठीच तुम्हाला आणलं. खरं सांगा, घेण्यासारखं आहे का? परत पूर आला तरी आता सगळं ह्याच्या पोटात राहील."

टेक्निशियन म्हणजे काय ते भिकूला तेव्हा कळलं. एक शब्द पुरला असता. मेण ठिसूळ आहे, ओतताना फुटेल, म्हणाला असता तरी शेठनी मानलं असतं. पण हातात काम होतं, डोळ्याला भिंग होतं, आणि भिंग लावून खोटं बोलायची सवय त्याला तीस वर्षांत लागली नव्हती.

"काम चोख हाय, शेठ," तो म्हणाला.

फूल त्या यंत्रापाशीच राहिलं, आणि बाकीचे आठ नग तिथं डब्यातून बाहेर निघालेच नाहीत.

यंत्र दोन महिन्यांनी महाडला आलं. ते चालवायला लोणेऱ्याच्या बाजूची अंकिता नावाची मुलगी ठेवली. शिकलेली, साधी, 'काका, काका' करणारी. शेठनी भिकूलाही शिकायला बसवलं, ते खरंच मनापासून. पण माऊस त्याच्या बोटांना मेल्या उंदरासारखा वाटायचा, पडद्यावर दाब लागत नाही, ऊब लागत नाही, काय धरायचं ते कळेना. श्रुतिकानं घरी मोबाइलवर शिकवून पाहिलं. तीन आठवड्यांनी तो स्वतःच उठला.

उलट अंकिताच त्याला विचारायची. काका, नथीला वळण किती द्यायचं? बुगडीची कड जाड का ठेवायची? तो सांगत गेला. हातचं राखून ठेवणं त्याला जमलं नाही. वर्षभरात तिला विचारायचं काही उरलं नाही, आणि मग शेठनी एके दिवशी, नजर दुसरीकडे ठेवून, "जरा काम कमी आहे, बोलावतो," असं सांगितलं. बोलावणं आलं नाही. तसा माणूस वाईट नव्हता, दिवाळीला मिठाई पाठवायचा.

भिकू पोलादपूरच्या दोन सराफांकडे गेला. एकानं आठही नग कौतुकानं बघितले, गल्ल्यावरच्या बाईलाही दाखवले आणि म्हणाला, "सुंदर आहे हो. पण आम्ही आता मोबाइलवर फोटो दाखवतो, गिऱ्हाईक पसंत करतं, तयार माल येतो." दुसऱ्यानं डबा उघडूच दिला नाही. मुंबईतल्या जुन्या सोबत्याला फोन केला तर तो वसईत वडापावच्या गाडीवर उभा होता.

आणि कुडपणला गेलं की लोक त्याला अजून मान द्यायचे. फॉरेनला जाऊन आलेला माणूस! चुलतभाऊ चांगू म्हणाला, "आमच्या पोराचं कायतरी बघ ना तिकडं. तुजी वळख असंल."

"बगू," भिकू म्हणाला. आईसमोर दुसरं काय बोलणार?

परतीच्या उतारावर तुळसानं विचारलं, "यंत्राला तितंच नाय म्हनाला असता तर?"

"दुसऱ्या कुनी हो म्हटलं असतं."

"ते दुसऱ्यानं म्हनावं," ती म्हणाली.

पावसाळा संपताना तो एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या फाटकाशी, ठेकेदाराच्या टेबलासमोर रांगेत उभा राहिला. आजूबाजूला निम्म्या वयाची पोरं. ठेकेदाराचा कारकून फॉर्म भरत होता. नाव, गाव, वय. वय ऐकून त्यानं मान वर केली.

"आधी काय करत होता?"

"मेण कोरायचो. दागिन्यांचं."

कारकुनाला कळलं नाही. पेन तसंच थांबलं. मागचा माणूस पुढे सरकला.

"म्हणजे आयटीआय वगैरे काही? फिटर, वेल्डर?"

"नाय."

"मग हेल्पर लिहितो."

"लिवा."

त्याला गोणी भरायच्या विभागात लावलं. रबरी हातमोजे दिले, ते एक माप मोठे होते.