रजेची दरखास्त

कामाच्या जागेविषयी लिहिण्याचा मला काय अधिकार, असं वाटतं; वाचणाऱ्यांनी माफ करावं. कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये मी जेमतेम दोन हंगाम काम केलं, आणि आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. लिहिताना अजून बिचकतो.

जिनिंग भैंसा गावात होती. आम्ही सहा जण गाड्यांतून आलेला कापूस हातानं ओढून पाहायचो, ओला-कोरडा, लांब-आखूड धाग्याचा, आणि ढीग वेगळे लावायचो. माणसं वाईट नव्हती. तलमडुगूचे एक काका माझ्यासाठी रोज एक भाकर जास्त आणत. शेठ कधी कोणावर ओरडले नाहीत. म्हणून तर पुढे जास्त चिडचिड झाली.

बी.ए.चं शेवटचं वर्ष मी बाहेरून करत होतो. मार्चमध्ये आदिलाबादला परीक्षा होती. रजेची तिथली रीत सोपी होती: सोबत्यांना म्हणायचं, 'चार दिवस माझं पाहून घ्या.' ते हो म्हणाले की एकानं शेठच्या कानावर घालायचं. मला ते बरं वाटेना. शिकलेल्यानं लिहून द्यावं. मी इंग्रजीत दरखास्त लिहिली आणि मुनीमजींच्या टेबलावर ठेवली.

"काऊन बे साहेब, आमाले सांगाले तोंड नाई का?" काका म्हणाले.

"नियमानं केलं, काका."

"बरं हाय. आता नियमच तुह्या जागी कापूस ओढीन!"

सगळे हसले. मीही हसलो.

आठ दिवस उत्तर आलं नाही. पुन्हा विचारणं उद्धटपणाचं वाटे, आणि न सांगता गेलो तर जागा जाईल ही भीती. पहिल्या पेपरच्या सकाळी मी ढिगाजवळच उभा होतो. परीक्षेचं वर्ष वाया गेलं. हंगाम संपला तसं मी ते काम सोडलं. भाकर मिळत होती, गोड बोलणं मिळत होतं, पण साधं हो की नाही, तेवढं सांगणारं कोणी नव्हतं. त्या जागेवरचा माझा राग बरीच वर्षं तसाच राहिला.

मग बेल्याच्या बाजारात काका भेटले. त्यांनीच विचारलं, "तू परीक्षेले गेला काऊन नाई?"

"रजाच नाही मिळाली ना."

"नाई कशी? शेठनं तवाच आमा पाची जनाले बोलावून पुसलं, याचं काम कराल का? आमी हो म्हटलं. शेठ समजले, आमी तुले सांगू. आमाले वाटलं, कागद देल्ला तं जवाबबी कागदावरच येईन, मधात आमी अंगठेवाल्यायनं काऊन बोलाव? मंग परीक्षेच्या दिवशी तू ढिगापाशी उभाच दिसला, तं आमी समजलो, शेठ हो म्हणून फिरले."